प्राथमिक रशियन संभाषण : मराठी भाषकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे रशियन भाषेची अजिबात ओळख नसलेल्या, परंतु पहिल्या काही महिन्यांत साधे बोलता यावे अशी इच्छा असलेल्या मराठी वाचकांसाठी लिहिली आहेत. रशियन शब्द येथे उच्चारानुसार देवनागरीत दिले असून, ज्या अक्षरावर आघात (उच्चारातील जोर) येतो त्याच्यानंतर ’ अशी खूण केली आहे. एकच स्वर असलेल्या शब्दांना अशा खुणेची गरज नाही. नुक्ता दिलेला ‘ज़’ हा ‘जोर’ या शब्दातील ‘ज’च्या जवळचा आहे, फक्त जीभ वर न टेकवता तो घर्षणाने काढायचा असतो.

प्रश्न : मराठी माणसाला रशियन किती अवघड जाते?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी भाषकांना कामकाजापुरती रशियन येण्यासाठी सुमारे ४४ आठवड्यांचे, म्हणजे ११०० तासांचे वर्गशिक्षण गृहीत धरते. हा आकडा पाहून पुष्कळजण बिचकतात. परंतु तो इंग्रजी भाषकांसाठी आहे आणि साध्या संभाषणाच्या बराच पुढच्या टप्प्याचा आहे. इंग्रजी भाषकाला जे मुळापासून शिकावे लागते, त्यातील बरेच काही मराठी भाषकाच्या अंगवळणी आधीच पडलेले असते : तीन लिंगे, विभक्ती, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील फरक, ‘मला आवडते’ यासारखी वाक्यरचना, आणि दंत्य ‘त’ व ‘द’. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, पाठ्यपुस्तक इंग्रजीतून लिहिलेले असले तरी प्रत्येक वाक्याची तुलना मनात मराठीशी करावी. इंग्रजीच्या वाटेने गेल्यास सोप्या गोष्टीही विनाकारण अवघड होतात.

प्रश्न : आधी लिपी शिकावी की वाक्ये?

दोन्ही एकाच वेळी सुरू करावीत. मात्र लिपी लवकर संपवावी. रशियन वर्णमालेत ३३ अक्षरे आहेत. त्यांपैकी १० स्वरांची आणि २१ व्यंजनांची असून, उरलेल्या दोन चिन्हांना स्वतःचा आवाज नाही. रोज थोडा वेळ दिला तर दोन आठवड्यांत ही अक्षरे वाचता येऊ लागतात.

खरा घोटाळा नव्या दिसणाऱ्या अक्षरांमुळे होत नाही, ओळखीच्या वाटणाऱ्या अक्षरांमुळे होतो. इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर रशियनमध्ये ‘र’ आहे, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’, ‘सी’सारखे ‘स’, ‘बी’सारखे ‘व’, ‘एक्स’सारखे ‘ख’ आणि ‘वाय’सारखे ‘उ’. रेस्तराँच्या पाटीवर ‘रिस्तरा’न’ असे लिहिलेले असते आणि नवखा माणूस ते ‘पेक्टोपाह’ असे वाचतो. ही फसवी अक्षरे आधी घोटावीत; ‘झ’, ‘श’ किंवा ‘यू’ यांची वेगळी दिसणारी अक्षरे आपोआप लक्षात राहतात. हाताने लिहिलेल्या लिपीत काही अक्षरांचे रूप पार बदलते (छापील ‘त’ हा लिहिताना इंग्रजी लहान ‘एम’सारखा दिसतो), पण बोलणे हाच उद्देश असेल तर तो भाग काही काळ बाजूला ठेवता येईल.

प्रश्न : सगळे देवनागरीत लिहून पाठ केले तर चालणार नाही का?

पहिले काही दिवस चालेल. या पानावर आम्हीही तेच करत आहोत. अडचण अशी की देवनागरीला रशियन भाषेतील दोन महत्त्वाच्या गोष्टी नीट दाखवता येत नाहीत. पहिली म्हणजे व्यंजनांचा मृदूपणा (जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून केलेला उच्चार) आणि दुसरी म्हणजे एक स्वर, जो ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधे कोठेतरी पडतो. ‘तू’ या अर्थाचा रशियन शब्द आपण ‘ती’ असा लिहितो, कारण दुसरा उपाय नाही. परंतु त्यातील स्वर मराठी ‘ई’ नव्हे. ओठ ‘ई’ म्हणताना असतात तसे पसरट ठेवून जीभ मागे ओढली की तो साधारण जमतो. शिवाय फलक, मेन्यू आणि तिकीट वाचायचे असेल तेव्हा देवनागरी वहीचा काहीच उपयोग होत नाही.

प्रश्न : उच्चारांमध्ये मराठी भाषकाने कशाकडे लक्ष द्यावे?

रशियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत. शाळेत इंग्रजी शिकताना लागलेल्या सवयीने अनेकजण तेथे ‘ट’ आणि ‘ड’ वापरतात, ते टाळावे. रशियनमध्ये च-वर्गातील दोन वेगळे आवाज आहेत आणि दोन्ही मराठीत उपलब्ध आहेत : ‘चहा’मधील तालव्य ‘च’, आणि ‘चाक’मधील ‘च’, जो येथे ‘त्स’ असा लिहिला आहे. ‘किंमत’ या अर्थाचा ‘त्सिना’’ हा शब्द ‘चाक’मधील ‘च’ने म्हटला की तो बरोबर येतो. ‘ख’ मात्र मराठीसारखा महाप्राण नाही. तो घशाजवळ घासून काढावा लागतो. रशियनमध्ये महाप्राण व्यंजने नाहीतच.

शब्दाच्या शेवटी येणारे घोष (‘ग’, ‘ब’सारखे) व्यंजन अघोष (‘क’, ‘प’सारखे) होते. म्हणून ‘मित्र’ या अर्थाचा शब्द लिहिताना ‘द्रुग’ आणि बोलताना ‘द्रुक’, तर ‘पाव’ या अर्थाचा शब्द लिहिताना ‘ख्ल्येब’ आणि बोलताना ‘ख्ल्येप’ असतो.

मृदू आणि कठोर व्यंजनांमधील फरक हा सर्वात चिवट भाग आहे, कारण त्याने अर्थ बदलतो. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ आणि ‘ब्रात्य’ म्हणजे घेणे. येथे ‘त्य’ हे जोडाक्षर नसून, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून म्हटलेला एकच ‘त’ आहे. हा फरक आधी कानाला कळावा लागतो, मगच तोंडातून येतो. त्यामुळे सुरुवातीला अशा जोड्या नुसत्या ऐकण्यात वेळ घालवणे योग्य ठरते.

प्रश्न : आघाताला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, आणि रशियनमध्ये बदलतो. ‘ज़ा’मक’ म्हणजे किल्ला किंवा गढी, तर ‘ज़मो’क’ म्हणजे कुलूप. ‘मू’का’ म्हणजे यातना आणि ‘मुका’’ म्हणजे पीठ. ‘लिहिणे’ या अर्थाच्या ‘पिसा’त्य’ या क्रियापदात आघात पहिल्या अक्षरावर सरकला तर त्याचा अर्थ ‘लघवी करणे’ असा होतो, आणि ऐकणाऱ्याला हसू आवरणे कठीण जाते.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. आघात नसलेला ‘ओ’ हा ‘अ’ किंवा ‘आ’सारखा उच्चारला जातो. ‘चांगले’ या अर्थाच्या शब्दात लिहिताना तिन्ही ठिकाणी ‘ओ’ असतो, पण म्हणताना तो ‘खराशो’’ होतो. ‘मस्क्वा’’ हे मॉस्को शहराचे नावही लिहिताना ‘मोस्क्वा’ असेच आहे. नेहमीच्या छपाईत आघाताची खूण दिलेली नसते. ती फक्त शब्दकोशांत आणि विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत असते. तेव्हा नवा शब्द वहीत उतरवताना आघाताच्या खुणेशिवाय लिहू नये, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. ‘यो’ या अक्षरावर मात्र जवळजवळ नेहमीच आघात असतो. त्याच्यावरील दोन टिंबे छपाईत बहुधा गाळली जातात, आणि म्हणूनच ‘गर्बच्यो’फ’ आणि ‘ख्रुश्च्यो’फ’ ही नावे आपल्याकडे ‘गोर्बाचेव्ह’ आणि ‘ख्रुश्चेव्ह’ अशी आली.

प्रश्न : सर्वात आधी कोणती वाक्ये पाठ करावीत?

आमच्या मते अभिवादनापेक्षाही आधी ‘मला समजत नाही’ हे वाक्य यावे : ‘या नी पनिमा’यु’. त्याला जोडून ‘पफ्तरी’त्ये, पझा’लुस्ता’ (कृपया पुन्हा सांगा) आणि ‘गवरी’त्ये म्ये’द्लिन्नेये’ (सावकाश बोला) ही दोन वाक्ये घ्यावीत. ही तीन वाक्ये येत असतील तर संभाषण तुटत नाही. ती येत नसतील तर पाठ केलेली पन्नास वाक्येही पहिल्याच उत्तराला निकामी ठरतात.

त्यानंतर अभिवादन. औपचारिक ‘नमस्कार’ म्हणजे ‘ज़्द्रा’स्त्वुय्त्ये’. त्याच्या लेखनात एक ‘व’ अधिक असतो, तो उच्चारला जात नाही. हा शब्द पहिल्या दिवशी जिभेवर बसत नसेल तर दिवसा ‘दो’ब्री द्येन्य’, संध्याकाळी ‘दो’ब्री व्ये’चेर’ आणि सकाळी ‘दो’ब्राये ऊ’त्रा’ म्हणावे. तेही तितकेच सभ्य आहे. ‘प्रिव्ये’त’ हे मित्रांसाठी असते. निरोप घेताना ‘दा स्विदा’निया’, आणि जवळच्या माणसांना ‘पका’’. आभारासाठी ‘स्पसी’बा’, तर क्षमा मागण्यासाठी किंवा एखाद्याचे लक्ष वेधण्यासाठी ‘इज़्विनी’त्ये’.

ओळख करून देताना ‘मिन्या’ ज़वू’त’ म्हणून पुढे आपले नाव सांगावे. हे वाक्य शब्दशः ‘मला अमुक म्हणतात’ असेच आहे. समोरच्याचे नाव ‘काक वास ज़वू’त?’ असे विचारतात आणि ते कळल्यावर ‘ओ’चिन्य प्रिया’त्ना’, म्हणजे ‘आनंद वाटला’, असे म्हणतात. ‘मी भारतातून आलो आहे’ यासाठी ‘या इज़ ई’न्दिइ’ एवढे पुरेसे आहे.

बाहेर वावरताना ‘ग्द्ये’ (कोठे), ‘स्को’ल्का स्तो’इत?’ (किंमत किती), ‘नप्रा’वा’ (उजवीकडे), ‘नल्ये’वा’ (डावीकडे) आणि ‘प्र्या’मा’ (सरळ) हे शब्द लागतात. ‘मो’झ्ना?’ हा एकच शब्द प्रश्नार्थक सुरात म्हटला तर ‘बसू का’, ‘आत येऊ का’, ‘हे घेऊ का’ असे सगळे काम होते. उत्तरादाखल ‘निल्ज़्या’’ असे ऐकू आले तर त्याची परवानगी नाही. संकटात ‘पमगी’त्ये!’ (मदत करा) म्हणावे. रशियात तातडीच्या मदतीचा एकत्रित क्रमांक ११२ आहे.

प्रश्न : ‘पझा’लुस्ता’ हा शब्द नक्की कशासाठी वापरतात?

विनंती करताना, आभारांना उत्तर देताना आणि एखादी वस्तू हातात देताना, असा तिन्ही ठिकाणी. दुकानदार वस्तू पुढे करून ‘पझा’लुस्ता’ म्हणाला तर तो काही मागत नसून ‘घ्या’ असे म्हणत असतो.

प्रश्न : ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा वापर मराठीसारखाच आहे का?

बराचसा. ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. एका व्यक्तीला आदराने बोलतानाही ‘वी’ वापरून क्रियापद अनेकवचनी ठेवतात. मराठी भाषकाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. फरक कुटुंबात दिसतो : आजच्या रशियन घरांत आईवडिलांना आणि आजीआजोबांना सर्रास ‘ती’ म्हणतात, त्यात अनादर नसतो. याउलट अनोळखी प्रौढ व्यक्तीला, अगदी ती आपल्या वयाची असली तरी, ‘वी’च म्हणायचे. पुढे ओळख वाढल्यावर कोणीतरी ‘दवा’यत्ये ना ती’ असे सुचवतो, म्हणजे ‘आता आपण एकमेकांना तू म्हणू या’. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने हे सुचवणे रीतीला धरून असते. नवख्याने वाट पाहावी.

नावांच्या बाबतीतही ओळखीचे काही सापडते. रशियन नावात व्यक्तीचे नाव, वडिलांच्या नावावरून आलेले नाव आणि आडनाव असा क्रम असतो. वडील इवान असतील तर मुलगा ‘इवा’नविच’ आणि मुलगी ‘इवा’नव्ना’. शिक्षक, डॉक्टर किंवा ज्येष्ठ सहकारी यांना हाक मारताना पहिली दोन नावे एकत्र घेतात, आडनाव घेत नाहीत. मित्रमंडळींत मात्र लघुरूपे चालतात, आणि ‘सा’शा’ हे लघुरूप अलेक्सांद्र या पुरुषाचेही असते व अलेक्सांद्रा या स्त्रीचेही.

प्रश्न : व्याकरणाशिवाय बोलता येईल का?

तयार वाक्यांपुरते येईल. वाक्यातील एक शब्द बदलायचा झाला की व्याकरण लागतेच. चांगली बातमी अशी की रशियनमध्ये वर्तमानकाळी ‘आहे’ म्हणण्याची गरज नसते. ‘या स्तुद्ये’न्त’ म्हणजे ‘मी विद्यार्थी’, आणि वाक्य तेथेच पूर्ण होते. इंग्रजीत नामापूर्वी लागणाऱ्या उपपदांचीही येथे भानगड नाही.

विभक्ती सहा आहेत. मराठीत आपण ‘मुंबईत’, ‘मुंबईहून’, ‘मुंबईला’ असे प्रत्यय लावतो. रशियनमध्ये शब्दयोगी अव्यय आधी येते आणि नामाचा शेवटही बदलतो. मस्क्वा या शहरात म्हणजे ‘व मस्क्व्ये’’, शहराकडे म्हणजे ‘व मस्क्वू’’ आणि शहरातून म्हणजे ‘इज़ मस्क्वी’’. सहाही विभक्तींचे तक्ते एकदम पाठ करण्याचा सल्ला आम्ही देत नाही. ‘कोठे’, ‘कोठून’ आणि ‘कोणाकडे’ या अर्थांची रूपे वाक्यांतूनच उचलावीत. तक्ता नंतर समोर आला की ओळखीची रूपे त्यात आपापल्या जागी दिसू लागतात.

मराठी भाषकाची खरी कमाई ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत आहे. ‘म्न्ये खो’लद्ना’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’. ‘म्न्ये नू’झ्ना’ म्हणजे ‘मला हवे’ किंवा ‘मला करायला हवे’. आणि ‘म्न्ये न्रा’वित्सा’ म्हणजे ‘मला आवडते’. यांपैकी शेवटच्या वाक्यात क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते, जसे मराठीत ‘पुस्तक आवडते’ आणि ‘पुस्तके आवडतात’. मालकी दाखवण्याची रीतही तशीच आहे : ‘उ मिन्या’ येस्त्य ब्रात’ म्हणजे ‘मला भाऊ आहे’. इंग्रजी भाषक या रचनांशी महिनोन्‌महिने झगडतो. मराठी भाषकाने त्या मराठीतून ओळखल्या की झाले.

प्रश्न : लिंगाची चूक झाली तर बिघडते का?

समजण्यात बिघडत नाही, पण स्वतःबद्दल बोलताना ती चूक टाळणे सहज शक्य आहे. भूतकाळात क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते : पुरुष ‘या उस्ता’ल’ (मी थकलो) म्हणतो आणि स्त्री ‘या उस्ता’ला’ म्हणते. ध्वनिफितीवर ऐकलेले वाक्य कोणाच्या आवाजात आहे ते पाहून मगच पाठ करावे.

नामाचे लिंग बहुतेक वेळा त्याच्या शेवटावरून कळते. व्यंजनाने संपणारे पुल्लिंगी, ‘आ’ किंवा ‘या’ने संपणारे स्त्रीलिंगी, आणि लेखनात ‘ओ’ किंवा ‘ये’ने संपणारे नपुंसकलिंगी. मृदू चिन्हाने (स्वतःचा आवाज नसलेल्या दोन चिन्हांपैकी, आधीचे व्यंजन मृदू करणाऱ्या चिन्हाने) संपणाऱ्या नामांचा भरवसा नाही : ‘द्येन्य’ (दिवस) पुल्लिंगी, तर ‘नोच’ (रात्र) स्त्रीलिंगी. मराठीतही लिंग पाठच करावे लागते, त्यामुळे याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

प्रश्न : आकडे कसे शिकावेत?

म्हणण्यापेक्षा ऐकण्यावर अधिक भर देऊन. ‘द्ये’वित्य’ (९) आणि ‘द्ये’सित्य’ (१०), तसेच ‘द्विना’त्सत्य’ (१२) आणि ‘द्वा’त्सत्य’ (२०) या जोड्या घाईच्या बोलण्यात एकसारख्या वाटतात. ‘सो’रक’ (४०) आणि ‘दिविनो’स्ता’ (९०) हे इतर दशकांच्या साच्यात बसत नाहीत, म्हणून ते वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

आकड्यापुढील नामाचे रूपही बदलते : ‘अदी’न रूब्ल्य’ (१ रूबल), ‘द्वा रुब्ल्या’’ (२ रूबल), ‘प्यात्य रुब्ल्ये’य’ (५ रूबल). दोन, तीन आणि चार यांना एक रूप, पाच आणि त्यापुढे दुसरे. २१ ला पुन्हा एकाचे रूप लागते, तर ११ ते १४ हे मात्र पाचाच्या गटात राहतात. खरेदी करणाऱ्याला हे रूप चुकले तरी चालते. किंमत कळली नाही तर ती कागदावर किंवा फोनवर लिहून दाखवायला सांगावी.

प्रश्न : प्रश्न विचारण्यासाठी मराठीतील ‘का’सारखा शब्द आहे का?

‘ली’ हे अव्यय आहे, परंतु रोजच्या बोलण्यात होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तराचा प्रश्न नुसत्या सुरावरच विचारतात. ‘ए’ता मित्रो’’ म्हणजे ‘हे मेट्रो स्थानक आहे’, आणि तेच शब्द सूर बदलून म्हटले की ‘हे मेट्रो स्थानक आहे का?’ असा अर्थ होतो. हा सूर वाक्याच्या शेवटी हळूहळू चढत नाही. ज्या शब्दाबद्दल प्रश्न आहे त्याच्या आघाताच्या अक्षरावर तो एकदम उंच जातो आणि पुढे अक्षरे उरली असतील तर लगेच खाली येतो. मराठी कानाला सुरुवातीला यात आश्चर्य व्यक्त केल्याचा भास होतो.

प्रश्न : ‘जाणे’ या क्रियापदावरून इतका गोंधळ का होतो?

कारण पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांना वेगवेगळी क्रियापदे आहेत : ‘या इदू’’ आणि ‘या ये’दु’. एकदाच एका दिशेने जाणे आणि नेहमी ये-जा करणे यांनाही पुन्हा वेगळी क्रियापदे लागतात. नवशिक्याने यातून एक पळवाट घ्यावी : ‘म्न्ये नू’झ्ना व अएरापो’र्त’, म्हणजे ‘मला विमानतळावर जायचे आहे’. येथे क्रियापद गाळले तरी वाक्य पूर्णपणे स्वाभाविक राहते.

क्रियापदांच्या जोड्यांचा विषयही असाच मोठा आहे. ‘या चिता’ल’ म्हणजे ‘मी वाचत होतो’ आणि ‘या प्रचिता’ल’ म्हणजे ‘मी वाचून काढले’. मराठीतील ‘वाचून काढणे’, ‘लिहून टाकणे’ ही संयुक्त क्रियापदे डोळ्यांपुढे ठेवली तर कल्पना समजते. वापर मात्र सवयीनेच येतो.

प्रश्न : ‘काक दिला’?’ असे कोणालाही विचारावे का?

‘कसे काय चालले आहे?’ हा प्रश्न ओळखीच्या माणसालाच विचारावा. दुकानात किंवा कार्यालयात अनोळखी व्यक्तीला तो विचारणे विचित्र वाटते. उत्तर बहुधा ‘नर्मा’ल्ना’ किंवा ‘निचिवो’’ असे येते. या दुसऱ्या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘काही नाही’ असा असला तरी भाव ‘बरे चालले आहे’ असाच आहे. अनोळखी व्यक्तीने उत्तर देताना स्मित केले नाही तर त्याला राग समजू नये. अपरिचितांकडे पाहून हसण्याची तेथे पद्धत नाही. तरुण सेविकेला ‘द्ये’वुश्का’ आणि तरुणाला ‘मलदो’य चिलव्ये’क’ अशी हाक मारली जाते.

प्रश्न : संस्कृत येत असेल तर फायदा होतो का?

दोन्ही भाषा एकाच कुळातील असल्याने साम्ये खरीच आहेत : ‘द्वा’ आणि द्वि, ‘त्रि’ आणि त्रि, ‘ब्रात’ आणि भ्राता, ‘अगो’न्य’ आणि अग्नि, ‘द्व्येर्य’ आणि द्वार, ‘नो’वी’ आणि नव. शब्द लक्षात ठेवायला यांची मदत होते आणि मन रमते. बोलण्याला मात्र त्यांचा उपयोग थोडाच, कारण रस्त्यावर ऐकू येणाऱ्या शंभर शब्दांत असे शब्द मोजकेच असतात.

प्रश्न : एकट्याने, शिक्षकाविना शिकता येईल का?

वाचणे आणि समजणे येईल. उच्चारासाठी निदान सुरुवातीला कोणीतरी ऐकणारे हवे, कारण मृदू ‘त’ आणि कठोर ‘त’ यांतील आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही. ते शक्य नसेल तर मूळ भाषकाचे छोटे वाक्य ऐकून, त्याच्या पाठोपाठ म्हणून, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून दोन्ही लागोपाठ ऐकावेत. शब्द सुटे पाठ न करता प्रश्न आणि त्याची संभाव्य उत्तरे एकत्र घ्यावीत. ‘स्को’ल्का स्तो’इत?’ विचारता येते आणि ‘त्री’स्ता प्यदिस्या’त’ (३५०) हे उत्तर कळत नाही, ही बहुतेकांची अवस्था असते. फोनवर रशियन कळफलक पहिल्याच आठवड्यात घालून घ्यावा आणि शब्द त्यावरच शोधावेत. लिपी त्यामुळे लवकर पक्की होते.

प्रश्न : किती शब्द आले म्हणजे परीक्षा देता येते?

परभाषकांसाठी रशियन भाषेची शासकीय परीक्षा आहे. तिच्या प्राथमिक स्तरासाठी सुमारे ७८०, त्यावरील मूलभूत स्तरासाठी सुमारे १३०० आणि पहिल्या प्रमाणपत्र स्तरासाठी सुमारे २३०० शब्द अपेक्षित धरले जातात. रशियन विद्यापीठात रशियन माध्यमातून पदवीला प्रवेश घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडून सहसा हा पहिला स्तर अपेक्षित असतो. परीक्षेचे पाच भाग आहेत : शब्दसंपदा व व्याकरण, वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. केवळ प्रवासापुरते किंवा स्नेह्यांशी बोलण्यापुरते शिकणाऱ्याला परीक्षा देण्याचे कारण नाही. तथापि प्राथमिक स्तराची शब्दसूची मिळवून आपल्याला कोणते शब्द येत नाहीत ते तिच्यावरून तपासणे कोणालाही उपयोगी पडते.